जगदीशचंद्र बोस : लहरी यंत्राला वठणीवर आणणारे शास्त्रज्ञ



आजकाल आपल्या बेटावरच्या पुष्कळ घरांत दिवे, पंखे, दारावरची घंटा, अंगणातला कॅमेरा ही सारी उपकरणे वायफायवर चालू लागली आहेत. त्यांचा एक त्रास मात्र घरोघरी सारखाच दिसतो. बैठकीच्या खोलीत सगळे सुरळीत चालते, आणि मागच्या खोलीतला दिवा काही केल्या ऐकत नाही. मग घरातले कोणीतरी उठते, राउटरची तार काढते, दहा आकडे मोजते आणि पुन्हा लावते. दिवा पेटतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. १९६० सालच्या ॲलिक्स आणि कॅरोल या चक्रीवादळांनंतर आपल्या लोकांनी लाकडाची व पत्र्याची घरे हळूहळू सोडली आणि लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटची घरे बांधली. ती वादळाला दाद देत नाहीत, तशीच बिनतारी लहरींनाही सहजासहजी देत नाहीत.

राउटर बंद करून चालू करण्याची ही युक्ती मात्र नवी नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी बिनतारी लहरी पकडणारे जे पहिले यंत्र होते, त्यालाही दर खेपेस टिचकी मारून पुन्हा कामाला लावावे लागत असे. सगळे शास्त्रज्ञ टिचकी मारत होते. ते यंत्र मुळात असे का वागते, याच्या मागे जे हात धुऊन लागले, त्या जगदीशचंद्र बोस यांची ओळख आज करून घेऊ.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात, म्हणजे आजच्या बांगलादेशात झाला. वडील भगवानचंद्र हे ब्राह्मो समाजाचे आणि सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्या हुद्द्याच्या माणसांची मुले इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला गावच्या बंगाली पाठशाळेत घातले. तिथे कोळ्याचा मुलगा आणि शेतकऱ्याचा मुलगा त्याच्या शेजारी बसत. त्याला शाळेत नेण्याआणण्याचे काम ज्या गड्याकडे होते, तो पूर्वीचा दरोडेखोर. खुद्द भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा दिली होती, आणि सुटून आल्यावर दुसरे कोणी कामावर ठेवीना म्हणून त्यांनीच त्याला घरी ठेवून घेतले. त्याच्या खांद्यावर बसून दरोड्यांच्या गोष्टी ऐकत मूल शाळेत जाई. जत्रांतून महाभारताचे खेळ होत, त्यात या मुलाला अर्जुनापेक्षा कर्ण अधिक आवडे.

पुढे वडिलांची बदली बरद्वानला झाली. तिथे तापाच्या साथीने पुष्कळ मुले पोरकी झाली होती. त्यांना धंदा शिकवावा म्हणून भगवानचंद्रांनी घराच्या आवारात सुतारकामाचा आणि धातुकामाचा कारखाना काढला. सरकारी अधिकाऱ्याचा मुलगा त्या कारखान्यात रमू लागला. करवत, कानस, लेथ यांची हाताला लागलेली ही सवय पुढे फार उपयोगी पडली, म्हणून ती इथे मुद्दाम सांगितली.

कलकत्त्यास सेंट झेवियर्स कॉलेजात फादर लाफाँ नावाचे एक बेल्जियन जेझुइट पाद्री भौतिकशास्त्र शिकवीत. प्रयोग करून दाखविण्याची त्यांची हातोटी मोठी होती. त्यांच्या हाताखाली बोस १८७९ साली पदवीधर झाले. दुसऱ्याच वर्षी ते वैद्यकी शिकायला लंडनला गेले. वडील तोवर लोकोपयोगी उद्योगांत पैसा घालून कर्जबाजारी झाले होते. आईने आपले दागिने देऊ केले. पण बोसांना ताप जडला होता आणि शवविच्छेदनाच्या खोलीतल्या वासाने तो बळावे. शेवटी वैद्यकी सोडून ते केंब्रिजला क्राइस्ट्स कॉलेजात सृष्टिविज्ञानाकडे वळले. तिथे लॉर्ड रॅले हे त्यांचे गुरू. १८८४ साली केंब्रिजची पदवी आणि लंडन विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेऊन ते परतले.

१८८५ साली त्यांना प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. इथे एक अपमान त्यांची वाट पाहत होता. त्याच जागेवरच्या गोऱ्या प्राध्यापकाला जो पगार, त्याच्या दोन तृतीयांशच हिंदी प्राध्यापकाला देण्याचा रिवाज होता. त्यातही बोसांची नेमणूक हंगामी म्हणून आणखी निम्मी कपात. म्हणजे हाती येणार एक तृतीयांश. बोसांनी संप केला नाही की वर्तमानपत्रात लिहिले नाही. त्यांनी शिकवायचे काम चोख करायचे आणि पगाराला हात लावायचा नाही असे ठरवले. असे एक नाही, दोन नाही, तीन वर्षे चालले. घरात वडिलांचे कर्ज, त्यात १८८७ साली अबला दास यांच्याशी विवाह झालेला. भाडे स्वस्त म्हणून हे जोडपे काही काळ फ्रेंच अंमलाखालच्या चंदननगरला राहिले आणि जगदीशबाबू तिथून कामावर जात. अखेर सरकारने हार मानली, नेमणूक कायम केली आणि मागील तीन वर्षांचा पूर्ण पगार एकरकमी दिला. तो सगळा वडिलांच्या कर्जात गेला.

ज्या माणसाने तीन वर्षे पगार नाकारला, त्याला एखाद्या यंत्राच्या खोडीपुढे हात टेकायला लावणे कठीणच होते.

१८९४ च्या पहिल्याच दिवशी जर्मनीत हाइनरिश हर्ट्झ वारले. वय अवघे ३६. विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निघतात आणि त्या प्रकाशासारख्याच वागतात, हे त्यांनी सिद्ध केले होते. त्याच वर्षी इंग्लंडात ऑलिव्हर लॉज यांनी हर्ट्झच्या कामाविषयी व्याख्यान दिले आणि ते छापून आले. ते बोसांच्या वाचनात आले. त्या ३० नोव्हेंबरला त्यांना स्वतःला ३६ वर्षे पूर्ण झाली, आणि यापुढे संशोधनच करायचे असा त्यांनी त्या दिवशी निश्चय केला. कॉलेजात प्रयोगशाळा नव्हती. एक लहानशी खोली मिळाली, मदतीला एक अशिक्षित पत्रेकारागीर मिळाला. शिकवण्याचे तास संपले की दोघे कामाला लागत.

खोली लहान, म्हणून लहरीही लहान हव्या होत्या. हर्ट्झच्या लहरी हातभर लांबीच्या. त्यांना आरसे आणि भिंगे लावायची तर सारे अवजड होई. बोसांनी ५ मिलिमीटरपासून अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या. तुलनेसाठी सांगतो, आपल्या घरातल्या वायफायची एक लहर सुमारे १२ सेंटिमीटरची आणि दुसरी सुमारे ६ सेंटिमीटरची असते. तेव्हा बोस आपल्या राउटरच्याही पुढे होते.

लहरी निर्माण करणे एक, आणि त्या भरवशाने पकडणे दुसरे. पकडणारे यंत्र म्हणजे फ्रान्समधील एदुआर ब्रांली यांची १८९० ची काचेची नळी. तिच्यात लोखंडी वा इतर धातूचा कीस सैलसर भरलेला असे. एरवी त्या किसातून वीज नीट वाहत नाही. लहर येऊन आदळली की कण एकमेकांना चिकटतात, वीज वाहते, आणि जोडलेल्या मापकाचा काटा हलतो. लॉज यांनी या नळीला कोहेरर, म्हणजे चिकटणारी, असे नाव दिले. पण एकदा चिकटलेले कण आपण होऊन सुटत नाहीत. नळीला टिचकी मारायची, कीस हलवायचा, मग पुढची लहर. तरीही आज जी नळी दूरच्या ठिणगीने हले, ती उद्या शेजारच्या ठिणगीने हलत नसे. कधी तर काहीच नसताना काटा उडे.

बोसांनी नळीला दोष दिला नाही, हवेलाही दिला नाही. त्यांनी कीस पाहिला. त्यात शेकडो कण, प्रत्येकाचा आकार निराळा, प्रत्येक जोडावरचा दाब निराळा. एखादा जोड फार घट्ट, त्याला लहर येण्याआधीच वीज पार. एखादा फार सैल, तो लहर येऊनही ढिम्म. अशा गर्दीकडून रोज सारखे काम कसे होणार? तेव्हा त्यांनी कीसच काढून टाकला. एका अरुंद खाचेत पोलादी तारेच्या बारीक स्प्रिंगा एकीशेजारी एक, एकाच थरात बसवल्या. प्रत्येक स्प्रिंग शेजारणीला ठराविक जागी टेकलेली. बाजूला एक स्क्रू, तो फिरवला की सगळ्यांवरचा दाब हवा तेवढाच कमीजास्त होई. वाहणाऱ्या विजेचा जोरही कमीजास्त करण्याची सोय ठेवली. कोणत्या लहरीला किती दाब आणि किती जोर मानवतो, ते त्यांनी बसून मोजून काढले. जे दैवाधीन वाटत होते ते स्क्रूच्या आट्यांवर आले.

तरी त्रास संपला नाही. कलकत्त्याची हवा गरम आणि दमट, स्प्रिंगा गंजू लागल्या. गंज चढला की जोड बिघडे. विलायतेतल्या शास्त्रज्ञांच्या पुस्तकात याला उत्तर नव्हते, कारण तिथे हा प्रश्नच तेवढा नव्हता. बोसांनी स्प्रिंगांवर विजेच्या साहाय्याने कोबाल्टचा मुलामा चढवला. खारे वारे अंगावर घेऊन राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे निराळे सांगायला नको. फाटकावरच्या कॅमेऱ्याचा जोड आतून हिरवा पडला असेल तर राउटर शंभर वेळा बंद करूनही उपयोग नाही.

आता बोस उलट्या टोकाला वळले, ठिणगीकडे. ज्या धातूच्या गोळ्यांमध्ये ठिणगी पडे त्यांचा पृष्ठभाग थोड्याच वेळात खडबडीत होई, आणि मग लहर एकसारखी निघत नसे. त्यांनी मधल्या गोळीला प्लॅटिनमचे आवरण दिले, आणि ठिणग्यांचा वर्षाव करण्याऐवजी एका वेळी एकच ठिणगी पाडली. आणखी एक चोर होता. ठिणगीच्या यंत्रातून इकडेतिकडे गळणाऱ्या लहरी आडवाटेने ग्राहकयंत्रात शिरत आणि खोटा निरोप देत. म्हणून ते यंत्र त्यांनी दुहेरी धातूच्या पेटीत बंद केले आणि लहरीला बाहेर यायला फक्त एक नळी ठेवली. आज ती गळती शेजाऱ्याच्या राउटरची असते, नाही तर स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हची. मायक्रोवेव्ह आणि वायफायची लांब लहर हे दोघे एकाच पट्ट्यात काम करतात, म्हणून भात गरम होईपर्यंत दिवा रुसतो.

वाटेत काय आडवे येते, हेही त्यांनी तपासले. पाणी या लहरी अडवते, विटा आणि डांबर त्यांना जाऊ देतात. दाट पुस्तक एका बाजूने धरले तर लहर पार जाते आणि वळवून धरले तर अडते. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकाच्या पानांमध्ये कथलाचे वर्ख घालून त्यांनी लहरींना एका दिशेत आणणारे साधन बनवले. बंगालचा ताग पिळून त्यातून लहरी कशा वळतात ते दाखवले. मे १८९५ मध्ये त्यांचा पहिला निबंध एशियाटिक सोसायटीपुढे वाचला गेला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये गव्हर्नरसाहेबांच्या उपस्थितीत त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका खोलीतून निघालेली लहर साहेबांच्या देहातून आणि भिंतींतून पार होऊन सुमारे ७५ फुटांवर पोचली, आणि तिने पिस्तूल उडवून दारूही पेटवली. तेव्हा मार्कोनी एकवीस वर्षांचे होते आणि इटलीत वडिलांच्या वाडीत प्रयोग करीत होते.

भिंती विटांच्या होत्या हे मात्र आपण ध्यानात ठेवावे. सळयांच्या काँक्रीटपुढे आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपुढे ही लहर लंगडी पडते. म्हणून आपल्या घरी आधी राउटर कोपऱ्यातून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवावा. फ्रिज आणि मोठा आरसा यांच्या मागे तो लपवू नये. बहुतेक स्वस्त दिवे आणि प्लग १२ सेंटिमीटरच्या लहरीवरच बोलतात. त्यांना आखूड लहरीवर आणण्याचा हट्ट व्यर्थ, आणि ती काँक्रीटमध्ये अधिकच अडते. तरीही मागची खोली ऐकत नसेल तर तिथवर एक तार न्यावी आणि दुसरे लहरकेंद्र बसवावे. बिनतारीचा उत्तम उपाय पुष्कळदा तारच असते, हे थोडे विनोदी वाटेल खरे.

१८९६ साली लंडन विद्यापीठाने बोसांना डॉक्टर ऑफ सायन्स केले. त्याच वर्षी ते अबलाबाईंसह विलायतेस गेले. लिव्हरपूलला त्यांचे भाषण झाल्यावर वृद्ध लॉर्ड केल्विन पाय ओढत सज्जात चढून गेले आणि त्यांनी अबलाबाईंचे अभिनंदन केले, अशी हकिगत आहे. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे शुक्रवारचे व्याख्यान झाले. मेजावर मावेल एवढेच त्यांचे सामान होते. यंत्राची कृती त्यांनी काही न लपवता सांगून टाकली.

१८९९ मध्ये ते आणखी पुढे गेले. लोखंड, पारा आणि पुन्हा लोखंड असे एक ग्राहकयंत्र त्यांनी रॉयल सोसायटीपुढे मांडले. पाऱ्यावर तेलाचा अगदी पातळ थर आणि त्याला टेकलेली लोखंडी चकती. काट्याऐवजी टेलिफोनच्या कर्णिकेतून आवाज ऐकू येई. मुख्य म्हणजे लहर येऊन गेली की हे यंत्र आपोआप पूर्वस्थितीला येई. टिचकीची गरज उरली नाही.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनींनी न्यूफाउंडलंडमध्ये अटलांटिकपलीकडचा संकेत ऐकला. त्या वेळी इटालियन आरमाराचे म्हणून जे पाऱ्याचे ग्राहकयंत्र त्यांनी वापरले, त्याचे मूळ बोसांच्या १८९९ च्या यंत्रात आहे, असे प्रबीर बंद्योपाध्याय या अभियंत्याने १९९८ साली अमेरिकेतील विद्युत अभियंत्यांच्या मासिकात सविस्तर मांडले. आपले लोक यावरून रेडिओ बोसांनीच शोधला असे म्हणतात. माझ्या मते तेही खरे नव्हे. दूर देशी निरोप धाडण्याचा ध्यास मार्कोनींचा, आणि ते श्रेय त्यांचेच. बोसांना निरोपांत रस नव्हता. लहर कशी वागते आणि यंत्र कसे शहाणे करावे, यात त्यांना रस होता. पण निरोप पोचला तो शहाण्या केलेल्या यंत्रामुळे, एवढे म्हणायला हरकत नाही.

पैशाच्या बाबतीत त्यांनी जे केले ते सगळ्यांना पटणार नाही. मे १९०१ मध्ये लंडनमधील व्याख्यानाच्या आधी एका तार कंपनीचा मालक त्यांच्याकडे येऊन गेला. यंत्राची माहिती उघड करू नका, पेटंट मी काढतो, खर्च माझा, नफा निम्मा निम्मा, असा त्याचा आग्रह होता. बोसांनी नकार दिला आणि मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांना पत्राने ते कळवले. विद्येचा व्यापार होतो याचे त्यांना दुःख झाले होते. सारा बुल या अमेरिकन स्नेही बाईंनी आणि भगिनी निवेदितांनी मात्र हट्ट सोडला नाही. त्यामुळे सप्टेंबर १९०१ मध्ये गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या ग्राहकयंत्रासाठी अमेरिकेत अर्ज गेला आणि २९ मार्च १९०४ रोजी ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मिळाले. अर्धवाहक पदार्थ वापरणाऱ्या उपकरणाचे हे जगातल्या पहिल्या पेटंटांपैकी एक. बोसांनी त्यातून पैसा कमावला नाही आणि त्याची मुदत तशीच संपू दिली. या निःस्पृहतेचा आपण गौरव करतो, पण त्या पैशातून दहा वर्षे आधी त्यांची स्वतःची प्रयोगशाळा उभी राहिली असती, हा विचार मनातून जात नाही.

तोवर त्यांचे लक्ष दुसरीकडे गेले होते, आणि तेही त्या खोडकर यंत्रामुळेच. पुष्कळ वेळ काम केले की कोहेरर मंद होतो, विश्रांती दिली की पुन्हा ताजा होतो. बोसांनी त्याचे आलेख काढले आणि ते थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखे दिसले. १९०० साली पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी हे मांडले. स्वामी विवेकानंद तेव्हा पॅरिसमध्येच होते, आणि त्यांना धन्य वाटले. लंडनच्या शरीरशास्त्रज्ञांना मात्र एका भौतिकशास्त्रज्ञाने आपल्या शेतात पाय टाकलेला रुचला नाही. वाद पुष्कळ झाला. बोस वनस्पतींकडे वळले, झाडाची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ बनवला, आणि लहरींकडे पुन्हा परतले नाहीत. त्या वनस्पतिसंशोधनाची कथा मोठी आहे, ती पुन्हा केव्हातरी.

१९१७ साली त्यांना सर हा किताब मिळाला आणि त्याच वर्षीच्या ३० नोव्हेंबरला, आपल्या वाढदिवशी, त्यांनी कलकत्त्यात बोस संस्था स्थापन केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. त्याच वर्षी त्यांचे इंग्रजी चरित्र निघाले. ते लिहिणारे स्कॉटिश विद्वान पॅट्रिक गेडीस तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

१९३७ च्या जुलैत मार्कोनी वारले तेव्हा ब्रिटनमधली बिनतारी केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली होती. चार महिन्यांनी, २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, गिरिडीह येथे जगदीशचंद्रांचे निधन झाले. वय ७८. एकोणऐंशीव्या वाढदिवसाला सात दिवस उरले होते. त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या कामाचा जागतिक विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने २०१२ साली सन्मान केला. त्यांची मूळ उपकरणे कोलकात्याच्या बोस संस्थेत जपून ठेवलेली आहेत.